'उपचारादरम्यान मृत्यू' म्हणजे नेमकं काय झालं?

पोस्ट लांब आहे. घरचं कुणी दवाखान्यात ॲडमिट असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तालुक्याच्या बातमीदाराच्या हाताला काही वाक्यं इतकी बसलेली असतात की ती आपोआप टाईप होतात. 'नागपूर येथील रुग्णालयात उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला' हे त्यातलं एक. दुचाकीचा अपघात असो, खदानीतला कामगार असो, मोटरीचा शॉक असो, बातमी ह्याच ओळीवर संपते. सावनेर म्हणजे छिंदवाडा आणि बैतूल ह्या दोन्ही रस्त्यांचं तोंड. आमच्या तालुक्याचे, सौंसर-पांढुर्ण्याचे, पार छिंदवाड्याचे गंभीर पेशंट आमच्याच गावावरून नागपूरला जातात. पुढे कुणी मेडिकलला, कुणी मेयोला, आणि ज्याची ऐपत आहे, किंवा शेत विकून ऐपत आणता येईल असं ज्याला वाटतं, तो धंतोली-रामदासपेठेत.

आता ह्या ओळीच्या आत जरा डोकावून बघा. अपघातातला माणूस बऱ्याचदा अपघाताच्या दिवशी जात नाही. ऑपरेशन होतं, दोन दिवस बरे जातात, घरचे नातेवाइकांना फोन करून सांगतात की आता धोका नाही. आठव्या-दहाव्या दिवशी ताप चढतो, बीपी पडतं, व्हेंटिलेटर लागतो. मयतीत विचारलं की एकच उत्तर मिळतं. "ऑपरेशन तं चांगलं झालं होतं भाऊ. मंग इन्फेक्शन झालं म्हने."

कोणतं इन्फेक्शन? कोणता जंतू? कुठून आला? कोणत्या औषधाला दाद देत होता, कोणत्या नाही? ह्यातलं काहीही घरच्यांना माहीत नसतं. दाखल्यावर 'सेप्टिसीमिया' किंवा 'मल्टी ऑर्गन फेल्युअर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे घराला आग लागली हे लिहिलं, कशाने लागली ते नाही.

माझं म्हणणं ह्याच ठिकाणी आहे. अँटिबायोटिक्स निकामी होत चालल्याचं आपण गेली पंधरा वर्षं वाचतोय. पण आपल्याकडे रुग्ण दगावतो तो फक्त औषध संपल्यामुळे नाही. जंतूचं नाव वेळेवर कुणी विचारत नाही, विचारलं तर नातेवाइकाला सांगत नाही, आणि सांगितलं तरी ते कुठे मोजलं जात नाही, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

ओळखीतल्या एका संत्रा बागायतदाराची फाईल मी पाहिली. नाव देत नाही, दवाखान्याचंही देत नाही. पायाची जखम, सोबत शुगर. नागपूरच्या एका आयसीयूत सतरा दिवस. घरच्यांनी मृगाचा बहार झाडावरच व्यापाऱ्याला विकला होता. फाईलमध्ये, बिलांच्या गठ्ठ्याखाली, एक कागद होता: रक्ताचा कल्चर रिपोर्ट. वर जंतूचं नाव, क्लेब्सिएला न्यूमोनिए. खाली वीसेक औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही, आय म्हणजे भरवसा नाही. त्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. मेरोपेनेमसमोरही आर. फक्त कोलिस्टिनसमोर आय. पोराने मला विचारलं, "काका, हा कागद काय हाय?" तो कागद त्याच्या बापाच्या आजाराचा सगळ्यात महत्त्वाचा कागद होता, आणि सतरा दिवसांत तो त्याला कुणी वाचून दाखवला नव्हता.

हे आर नेमकं काय असतं ते थोडक्यात सांगतो. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम जातीची औषधं. बाकी इंजेक्शनं हरली की डॉक्टर ह्यांच्याकडे वळतात. काही जंतूंनी हे औषधच तोडून टाकणारं एक एन्झाइम कमावलंय. त्यातल्या सगळ्यात कुप्रसिद्ध एन्झाइमचं नाव आपल्या राजधानीवरून पडलं: न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात ते २००८ साली सापडलं. ते तयार करायची कृती एका सुट्या डीएनएच्या कड्यावर असते आणि जंतू ते कडं शेजारच्या जंतूला, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. शेजारणीने विरजण द्यावं तसं. म्हणून एका खाटेवरचा प्रश्न एका खाटेपुरता राहत नाही.

दिल्लीचं नाव आलं म्हणून २०१० साली देशात केवढा गहजब झाला होता ते आठवत असेल. मेडिकल टुरिझम बुडवायचा परदेशी डाव आहे इथपर्यंत बोललं गेलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, तो गहजब व्हायच्या आधीच, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या फिजिशियनांच्या नियतकालिकात स्वतःच्या रुग्णांचे आकडे छापले होते. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू त्यांना मिळाले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ निघालं. हे मराठी मुलखातलं, आपल्याच डॉक्टरांनी आपल्याच प्रयोगशाळेत केलेलं काम. परदेशी डाव वगैरे काही नव्हता. आपण नावावर भांडत बसलो आणि जंतू पुढे निघून गेला.

किती पुढे गेला? आयसीएमआरचं एक जाळं आहे, मोठ्या रुग्णालयांतले जंतू तपासून दरवर्षी अहवाल काढतं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे क्लेब्सिएलावर इमिपेनेम २०१६ साली ६५ टक्के नमुन्यांत चालत होतं, २०२१ साली ४३ टक्क्यांत. ई. कोलायवर ८६ वरून ६४. आयसीयूत ठाण मांडून बसणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरमध्ये तर २०२१ साली ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला दाद देत नव्हते. हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत, जिथे आधीच उपचार घेऊन बिघडलेले रुग्ण येतात, त्यामुळे गावातल्या प्रत्येक तापाला ते लावू नका. पण आपला माणूस शेवटी जातो तो तिथेच.

इथे विदर्भातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं ओळखायची आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन अन् सोबत को-ट्रायमोक्साझोलचं औषध द्यायचं. दोन्ही जुनी, स्वस्त औषधं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर, आणि तिसऱ्या वर्षी एकूण नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, एसी नाही. अख्ख्या जगाने ते मॉडेल उचललं.

आता दुसरं चित्र. २०११ ते २०१४ मध्ये दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास झाला, २०१६ साली छापला गेला. तिथल्या बाळांच्या रक्तात सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के एकाहून अधिक जातींच्या औषधांना पुरून उरणारे होते. जन्मून दोन-तीन दिवस झालेलं बाळ. त्याने काय मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊन खाल्ल्या होत्या? कोर्स अर्धवट सोडला होता? तो जंतू त्याला इमारतीने दिला.

दोन्ही अभ्यासांची जागा, काळ, रुग्ण वेगळे आहेत हे मान्य. पण 'लोक अँटिबायोटिकचा गैरवापर करतात, म्हणून हे झालं' हे जे पालुपद प्रत्येक जनजागृती सप्ताहात ऐकू येतं, ते अर्धंच खरं आहे हे एवढ्यावरून कळावं. सलाईनची नळी, लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी, प्रत्येक नळी म्हणजे जंतूला आत यायचा रस्ता. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, खाटेच्या दांड्यावर, मॉनिटरच्या बटणावर, कितीतरी दिवस जिवंत राहतो. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तो चालत जात नाही, हातावरून जातो. एका नर्सकडे जितक्या खाटा जास्त, तितके हात धुवायचे राहून जातात. ह्यात नर्सचा दोष काढू नका, तिची नेमणूक करणाऱ्याला विचारा.

आता आपल्या शेजारी या. कळमेश्वर. सावनेरहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोचाल.

तिथल्या सरकारी दवाखान्यातून अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला डिसेंबर उजाडला. अहवाल असा की गोळीत औषधच नाही. पुरवठ्याचा माग नागपूरच्या मेयोच्या भांडारापर्यंत गेला, तिथे हजारो गोळ्या जप्त झाल्या. ज्या कंपनीचं नाव छापलं होतं ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी बाराशे पानांचं दोषारोपपत्र दाखल केलं. त्यात म्हटलंय की ह्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या कारखान्यात बनल्या, आणि महाराष्ट्राबरोबर आणखीही राज्यांत गेल्या. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल.

त्या वेळी बातम्या झाल्या त्या 'गरिबांच्या जिवाशी खेळ' ह्या अंगाने. बरोबरच होत्या. पण एक बाजू राहिली. पावडरच्या गोळीने जंतू शहाणा होत नाही हे खरं, कारण त्याला औषध दिसलंच नाही. शहाणा होतो तो कमी ताकदीच्या, अर्धवट औषधाने. पण विचार करा, लघवीच्या जळजळीची बाई येते, डॉक्टर सिप्रो देतात, पाच दिवसांत फरक नाही. डॉक्टर काय समजतील? जंतू सिप्रोला दाद देत नाही. मग ते वरचं औषध काढतील. तेही इमानदारीने, रुग्णाच्या भल्यासाठीच. पावडर देणाऱ्याने नुसती एक गोळी खोटी केली नाही, डॉक्टरचा अंदाजही खोटा केला. लघवीचं कल्चर हाताशी असतं तर दोन-तीन दिवसांत लक्षात आलं असतं की जंतू तर साधाच आहे, मग बरं का वाटत नाही? गोळीवर संशय तेव्हाच गेला असता. वर्षअखेरपर्यंत अहवालाची वाट बघावी लागली नसती.

म्हणजे फिरून तिथेच येतो. तपासणी नसली की सगळे अंधारात, चोर सोडून.

डॉक्टरांची बाजूही मांडतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये ते मला झोडपतील. कल्चरला वेळ लागतो. बाटलीत जंतू वाढायला रात्र-दीड रात्र, मग कोणतं औषध चालतं हे बघायला आणखी एक दिवस. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास. समोर बीपी पडलेला पेशंट असेल तर कुणीही डॉक्टर तेवढं थांबणार नाही, थांबूही नये. अंदाजाने मोठं औषध तासाभरात सुरू करायचं हाच नियम आहे. पण त्याच नियमाचा पहिला भाग असा आहे की औषधाच्या आधी रक्त काढून कल्चरला पाठवायचं, आणि शेवटचा भाग असा की रिपोर्ट आला की मोठं औषध बंद करून नेमक्या औषधावर यायचं. आपल्याकडे मधला भाग तेवढा शिल्लक राहिलाय.

हे मी मनाने बोलत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत एक पाहणी केली. साडेनऊ हजारांवर भरती रुग्ण बघितले. जवळपास ७२ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना, ५५ टक्क्यांना, संसर्ग झाला म्हणून नव्हे तर होऊ नये म्हणून. आणि ज्यांना उपचार म्हणून दिलं, त्यांच्यात जंतू कोणता हे कळून दिलेलं औषध फक्त ६ टक्के. बाकी ९४ टक्के अंदाजपंचे. ही मोठी, शिकवणारी रुग्णालयं आहेत बरं, जिथे प्रयोगशाळा त्याच इमारतीत असते. तालुक्याच्या गावात तर लघवीचा नमुनादेखील बहुतेक वेळा बसने किंवा कलेक्शन सेंटरच्या पोराच्या मोटारसायकलने शहरात जातो. रक्ताचं कल्चर करा असं सांगणाराच विरळा.

दुसऱ्या बाजूला अजून एक आकडा आहे, तो मला जास्त छळतो. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य आजारांच्या नियतकालिकात आठ देशांचा अभ्यास आला. २०१९ साली भारतात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंचे सुमारे दहा लाख संसर्ग झाले असावेत, आणि त्यातल्या ७.८ टक्के रुग्णांनाच त्यावर लागू पडेल असं औषध मिळालं असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे ज्याला साधं लागतं त्याला आपण मोठं देतो, आणि ज्याला मोठं लागतं त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. अतिवापर आणि तुटवडा एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर.

त्या बागायतदाराच्या बाबतीत काय करता आलं असतं? कोलिस्टिन आहे, पण ते १९५० च्या सुमाराचं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून जगाने बाजूला ठेवलेलं, नाइलाज म्हणून परत काढलेलं. शुगरवाल्या माणसाची किडनी आधीच कशी असते ते सांगायला नको. (हेच कोलिस्टिन आपण कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाऊ घालत होतो, २०१९ च्या जुलैमध्ये बंदी आली.) एनडीएमवाल्या जंतूंवर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम एकत्र देतात, ते चांगलं काम करतं. मात्र महाग, आणि ते द्यायचं तर आधी जंतूत एनडीएम आहे हे तरी कळायला हवं. त्यासाठी पुन्हा तपासणी.

नव्या भारतीय औषधांबद्दल बरंच छापून येतं. वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते आलं, पहिलं स्वदेशी अँटिबायोटिक म्हणून. चेन्नईच्या ऑर्किडच्या एन्मेटाझोबॅक्टमला त्याच वर्षी अमेरिकेची मान्यता मिळाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण पहिलं आहे बाहेरून होणाऱ्या न्यूमोनियासाठी, आणि दुसरं एनडीएमपुढे चालत नाही. मथळे वाचून आयसीयूचा प्रश्न सुटला असं समजू नका.

आता आपल्याकडच्या सवयींवरही बोलू, नाहीतर एकतर्फी होईल. २०१४ च्या मार्चपासून शेड्युल एच-१ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि किती दिलं हे वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. तुमच्या मेडिकलवाल्याने शेवटचं कधी तुमचं नाव वहीत लिहिलं? 'दोन दिवसाच्या द्या, हाय पॉवरच्या' म्हणून गोळ्या घेणारे आपणच. केरळने दुकानांवर अचानक छापे घालायची मोहीम २०२४ मध्ये सुरू केली, तिथे २०१८ पासून राज्याचा स्वतःचा कृती आराखडा आहे. आमच्या हद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशानेही २०१९ मध्ये आपला आराखडा काढला. सौंसरचा माणूस उपचाराला महाराष्ट्रात येतो, आणि कागदावर तरी ते आपल्या पुढे होते.

बागायतदार मित्रांसाठी एक गोष्ट. लिंबावरच्या खैऱ्याला आणि कपाशीवरच्या करप्याला आपण जी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी कॉपरसोबत मारत होतो, ती म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. माणसाचीच औषधं. टीबीला स्ट्रेप्टोमायसिन वापरत. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश काढून १ जानेवारी २०२४ पासून तिचा शेतीतला वापर बंद केला. कुणाच्या कोठ्यात जुन्या पुड्या पडल्या असतील तर त्या पंपात घालू नका.

पण पुन्हा सांगतो, सगळं खापर मेडिकलवाला, शेतकरी आणि अडाणी रुग्ण ह्यांच्यावर फोडून मोठ्या इमारतींना मोकळं सोडू नका.

करता काय येईल? आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मुंबईत हिंदुजाच्याच डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती छापली, त्यांचा टीबी तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद देत नव्हता. सरकारने आधी तो शब्दच नाकारला, जसा एनडीएमच्या वेळी नाकारला होता. पण पुढे हललं. मे २०१२ मध्ये प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं. नंतर सीबीनॅट आणि गोव्यात बनणारी ट्रूनॅट यंत्रं आली आणि आज तालुक्याच्या पातळीवरही थुंकीतून दोन-तीन तासांत कळतं की रिफाम्पिसिन चालेल की नाही. औषध ठरवायच्या आधी जंतूला विचारायचं, हे टीबीत आपल्याला जमलं. खेडोपाडी जमलं. सगळं छान आहे असं नाही, पण जमलं. मग आयसीयूतल्या जंतूबाबत का नाही?

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथल्या सरकारी रुग्णालयांत एमआरएसए नावाच्या हट्टी जंतूने धुमाकूळ घातला होता. २००१ पासून रक्तातल्या अशा प्रत्येक संसर्गाची संख्या कळवणं सक्तीचं केलं, रुग्णालयाच्या नावासकट ती जाहीर होऊ लागली. २००४ मध्ये लक्ष्य ठरवलं: २००८ पर्यंत निम्म्यावर. ते गाठलं. नवं औषध शोधून नव्हे. हात धुऊन, नळ्या वेळेवर काढून, आणि आपला आकडा शेजारच्या रुग्णालयाच्या आकड्याशेजारी छापला जाणार ह्या धाकाने. लाज हे स्वस्त औषध आहे, आपल्याकडे ते अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

नागपूर विभागातल्या प्रत्येक आयसीयूने, सरकारी असो की खासगी, दर तिमाहीला तीन गोष्टी दारावर लावाव्यात: किती रुग्णांना इथे आल्यानंतर रक्ताचा संसर्ग झाला, त्यातल्या किती जंतूंवर मेरोपेनेम चालत नव्हतं, आणि कितींचं रक्त औषधाआधी कल्चरला गेलं होतं. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायचा नियम राज्याने २०२१ मध्ये केलाच आहे. त्याच भिंतीवर जागा होईल. आणि सावनेर, काटोल, नरखेड, रामटेक अशा ठिकाणच्या सरकारी दवाखान्यांत निदान रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या असाव्यात आणि त्या रोज नागपूरला पोचवणारी एक गाडी. बाटलीला बर्फही लागत नाही. मोठी मागणी नाही ही. ह्यापेक्षा मोठे खर्च आमच्या तालुक्यात उद्घाटनाच्या मंडपावर झालेत.

तोवर आपल्या हातात जे आहे ते. घरचं कुणी ॲडमिट असेल आणि डॉक्टर म्हणाले की इन्फेक्शन आहे, तर आवाज न चढवता विचारा: कल्चर पाठवलं का, कधी पाठवलं, रिपोर्ट कधी येईल. आल्यावर झेरॉक्स मागा आणि कोणता जंतू निघाला ते डॉक्टरांकडूनच समजून घ्या. लघवीची नळी अजून लागते का, हेही रोज विचारता येतं. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हा नियम २००२ पासून आहे. आणि पेशंटला हात लावायच्या आधी तुम्हीही हात धुवा, मग दुसऱ्याला सांगा. माझ्या अनुभवाने चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनी चिडत नाही. उलट नातेवाइकाने कल्चर विचारलं म्हणून चकित होतो.

मी माहितीच्या अधिकारात नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज लिहितोय, वरचेच तीन प्रश्न, मागच्या तीन वर्षांसाठी. खासगीवाल्यांना हा कायदा थेट लागत नाही, म्हणून तिथले कागद तुमच्याकडूनच येतील. कुणाकडे घरच्या पेशंटचा कल्चर रिपोर्ट असेल तर नाव, पत्ता, दवाखाना सगळं झाकून फोटो पाठवा. मला फक्त जंतूचं नाव, एस-आरची यादी आणि भरती झाल्यापासूनचा कितवा दिवस एवढंच हवंय. अर्जाचं उत्तर आलं की, किंवा तीस दिवसांत नाही आलं तर तेही, इथेच टाकतो.